घर दाखवायला काढलं

घर बघायला आलेला माणूस आधी वर बघतो. दारात चप्पल काढताना तो ‘छान आहे हो’ म्हणतो खरा, पण नजर छताच्या कोपऱ्यात गेलेली असते. तिथे पिवळट कडांचा डाग दिसला की उरलेलं घर तो पाहुण्यासारखं बघतो, घेण्याचा विचार तिथेच संपलेला असतो. घर तळमजल्यावर असेल तर तो खाली बघतो, भिंतीच्या पायथ्याशी. नागपूरच्या धरमपेठ भागात ही सवय अलीकडची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरलं. धरमपेठ तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हापासून इथे ‘तेव्हा पाणी आलं होतं का?’ हा प्रश्न भावाच्याही आधी येतो.

माझ्या मावशीचा फ्लॅट ट्रॅफिक पार्कपासून पायी जाण्याच्या अंतरावर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ऐंशीच्या दशकाअखेरीची इमारत, समोर कडुलिंब, मागे गोकुळपेठ बाजाराची वर्दळ. काका गेले, मावशीचे गुडघे जिना नको म्हणायला लागले आणि मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं. धरमपेठेत असे फ्लॅट बरेच विक्रीला निघतात. मुलं पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत, आणि इथे दोन खोल्यांत चाळीस वर्षांचा संसार. तो संसार आवरून, घर दुसऱ्याच्या नजरेला पडेल असं करायचं, त्या कामात मी मावशीबरोबर होते. काम वाटतं तसं नुसतं झाडलोटीचं नाही. पदोपदी ठरवावं लागतं की हे सजवणं आहे की झाकणं.

पहिला सल्ला ब्रोकरचा आला. दोन हात पांढरा रंग मारा, हॉलमधलं सामान कमी करा, फोटो काढून टाका, बाकी कोणी बघत नाही. त्यातला सामानाचा भाग खरा होता. अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र धंदाच आहे. बार्ब श्वार्ट्झ या घरविक्रीच्या व्यवसायातल्या बाईंनी १९७२ च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या परिसरात त्याची सुरुवात केली असं मानतात. विकायचं घर म्हणजे रंगमंच, नेपथ्य असं हवं की बघणाऱ्याला त्यात आपलं कुटुंब वावरताना दिसावं, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे हे नेपथ्य बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बघायला मिळतं. पलंग नेहमीपेक्षा आखूड, कपाटांची खोली कमी, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, एका भिंतीवर मोठा आरसा. खोली ऐसपैस वाटते आणि ताबा मिळाल्यावर आपला पलंग आत घातला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. राहत्या जुन्या घराला हे सोंग जमत नाही, आणि जमू नये असं मला वाटतं.

आमची खरी गाठ पडली ती न्हाणीघरामागच्या भिंतीशी. झोपायच्या खोलीत, जमिनीपासून दीडेक फूट उंचीपर्यंत रंगाला फुगे आले होते आणि त्यांतून पांढरी भुकटी गळत होती. रंगारी भाऊ आले. त्यांनी पट्टीने एक पोपडा उचलला, पट्टीची मूठ उलटी धरून गिलाव्यावर ठोकत भिंतीच्या कडेकडेने गेले. वर ठणठणीत आवाज, खाली बोदा. जिथून आवाज बदलला तिथे खडूने रेघ मारली. म्हणाले, “काकू, रंग मी आजच मारून देतो, पण आखाडात तो पुन्हा फुगन जी. पाणी कुठून येऊन राहिलं, ते आधी पाहा लागते.”

ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार. भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. अशा भिंतीवर पुट्टी लावून रंग दिला तर महिना-दोन महिने ती गुळगुळीत दिसते, घर विकायला तेवढा वेळ पुष्कळ होतो. ब्रोकरचं गणित तेच होतं. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या ५५ व्या कलमात विकणाऱ्यावर स्पष्ट बंधन आहे. मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊन बघितलं तरी दिसणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कायद्याच्या लेखी कपट आहे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कलमाला रंगाखालची ओल चांगलीच कळत होती. मावशीला कलम माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “इथे कुणाचं तरी लेकरू झोपेल. ओलीला पाठ लावून झोपवायचं का त्याला?”

मग प्लंबर आला. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपचं तोंड कापड आणि प्लास्टिक कोंबून बंद केलं, लादीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि दिवसभर तसंच राहू दिलं. संध्याकाळपर्यंत पातळी उतरली होती आणि बोद्या भागात हाताला गारवा लागत होता. पाणी नुसतं नळाच्या पाइपातून झिरपत असतं तर लादीवरची पातळी उतरली नसती, म्हणजे दोष लादीच्या सांध्यांत आणि ट्रॅपच्या कडेला. जुनं सिमेंट खरवडून सांधे इपॉक्सीने भरले, ट्रॅप नवा बसवला आणि तीच पाणी साठवायची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी लादीवर खडूने पाण्याची रेघ आखून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होतं.

यानंतरचं काम नागपूरच्या उन्हाने केलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या झळांना आपण सगळे शिव्या देतो. पण बोदा गिलावा काढून उघड्या ठेवलेल्या भिंतीला त्यासारखं औषध नाही. खिडक्या उघड्या, पंखा भिंतीकडे तोंड करून. रंगारी भाऊंनी वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे बारीक मणी. “भिंत अजून वली हाये,” म्हणाले आणि निघून गेले. मजुरी बुडत असतानाही गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे एका सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हाच नवा गिलावा झाला. तोही पुरता वाळल्यावर प्रायमर, पुट्टीचे हात, पॉलिश पेपरने घासणं आणि शेवटी रंग. प्रत्येक टप्प्याचे फोटो मी मोबाइलमध्ये काढून ठेवले, खडूच्या रेघेसकट.

भिंत वाळेपर्यंत माळे रिकामे केले. माळा हे धरमपेठी घरांचं मोठं भांडवल. नव्या फ्लॅटमध्ये तो नसतोच, त्यामुळे येणारी प्रत्येक बाई माळ्याकडे बघते. पण खच्चून भरलेला माळा बघितला की तिच्या मनात येतं, या घरात जागा पुरत नाही. तोच माळा रिकामा दिसला तर घराची एक खोली वाढते. मावशीच्या माळ्यावरून तांब्याचं घंगाळ निघालं, लग्नातले पितळी डबे निघाले, रुखवतातली मोत्यांची तोरणं निघाली, आणि ‘हितवाद’मधली काकांनी कापून ठेवलेली क्रिकेटची कात्रणं. काय पुण्याला न्यायचं, काय कामवाल्या ताईंना द्यायचं, काय कबाडीला, याचे ढीग पाडताना मावशी दोनदा उठून आत गेली. मी घाई केली नाही. घर विकायला तयार करायच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. गिऱ्हाइकाच्या तारखेसाठी म्हाताऱ्या माणसाच्या हातातून वस्तू ओढून घेणारी मुलं मी पाहिली आहेत.

हॉलमधल्या फोटोंचं तसंच. परदेशी सल्ला असतो की घरच्यांचे सगळे फोटो उतरवा, बघणाऱ्याला घर अनोळखी कुणाचं तरी वाटता कामा नये. आमच्याकडे प्रश्न वेगळा होता. दारासमोरच काकांचा हार घातलेला फोटो. येणारे लोक त्याला नमस्कार करत, आवाज खाली आणत आणि मग खोल्या मोकळेपणी बघायला, कपाटं उघडायला संकोचत. मावशीनेच तो उतरवला आणि आतल्या खोलीत, स्वतःच्या पलंगासमोर लावला. देवघर मात्र होतं तिथे राहू दिलं, ईशान्येच्या कोपऱ्यात. वास्तू बघणारे ते लगेच हेरतात, आणि न मानणाऱ्यांनाही दिवा लावलेला कोपरा बघून घर नांदतं असल्याचं कळतं.

कूलरवरून माझी आणि मावस बहिणीची फोनवर बरीच चर्चा झाली. हॉलच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर पत्र्याचा मोठा कूलर बारा महिने असे, भोवतीची फट पुठ्ठ्याने बुजवलेली, बाहेरच्या भिंतीवर गंज आणि क्षारांचे ओघळ. कूलर उचलला तसा हॉलमध्ये इतका उजेड आला की मावशी आणि मी बघतच राहिलो. हिरवा कडुलिंब थेट सोफ्यावरून दिसायला लागला. बहीण म्हणाली, स्टँडही कापून टाका, खिडकी स्वच्छ दिसेल. पुण्यात ते बरोबर ठरलं असतं. नागपुरात घर बघणारा विचारतोच, “कूलर कुठे लागतो?” कूलरला खिडकी हवी, आत आलेली हवा बाहेर जायला समोर दुसरी वाट हवी, पाण्याचा नळ जवळ हवा. एसी असला तरी कोरड्या उन्हाळ्यात दिवसभर कूलरच चालतो. म्हणून गंज घासून, स्टँडला रंग देऊन तो ठेवला, खालचे ओघळ साफ केले, गॅलरीतल्या नळाची तोटी बदलली. आणि ज्या खोलीत कूलर बसत नाही, तिथे बसत नाही हे सांगायचं ठरलं.

स्वयंपाकघरात नवं काही केलं नाही. कडप्प्याचा ओटा तसाच ठेवला. ट्रॉलीवाला नवं किचन बसवून देतो म्हणत होता. पण घेणारा आपल्या पसंतीने ते बदलतोच, आपण केलेला खर्च भावात क्वचित परत मिळतो. कपाटांवरचा आणि एक्झॉस्ट पंख्यावरचा तेलाचा चिकट थर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने काढला. गळकी तोटी, न लागणारी कडी, बंद पडलेलं बटण अशी बारकी कामं एका फेरीत उरकली. ही किरकोळ वाटतात, पण येणारा माणूस हात लावून बघतो तो नेमका इथेच. कडी लागली नाही की त्याला वाटतं, जे दिसत नाही तेही असंच सोडलेलं असणार.

वासाबद्दल थोडं सांगायला हवं. पुढे मावशी काही दिवस पुण्याला गेली आणि घर बंद होतं. उघडलं तेव्हा गटाराचा वास. कुठे काही फुटलं नव्हतं. नहाणीच्या ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी उभं असतं, तेच खालच्या नळीतली हवा अडवतं. बंद घरात ते पाणी उडून जातं आणि वास वर येतो. प्रत्येक नहाणीत आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं की तासाभरात वास थांबतो. विक्रीला काढलेली बंद घरं नागपुरात पुष्कळ आहेत, मालक परगावी आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. त्या शेजाऱ्यांना एवढं एक काम सांगून ठेवावं. सुगंधी फवारा मात्र मारू नये. मारला की लोक पहिल्यांदा हेच विचारात घेतात की तो कशासाठी मारला.

फोटो मोबाइलवर काढले, सकाळी नऊच्या सुमारास, पडदे पूर्ण सरकवून, खोलीच्या कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवर मोबाइल सरळ धरून. हल्लीच्या मोबाइलमध्ये रुंद भिंगाची सोय असते, त्याने दहा बाय अकराची खोली सभागृहासारखी दिसते. असे फोटो बघून बरेच जण येतात आणि दारातच त्यांचा चेहरा पडतो. त्यांचा रविवार वाया जातो आणि विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तो पडलेला चेहरा पुन्हा पुन्हा बघावा लागतो. आम्ही साध्या भिंगाचे फोटो दिले, खोल्यांची मापं खाली लिहिली, आणि ‘लिफ्ट नाही’ हे पहिल्याच ओळीत.

मग राहिली फाईल. धरमपेठेत घर भिंतींइतकंच कागदांवर उभं असतं. नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्यावरचे, म्हणजे लीजचे भूखंड नागपुरात बरेच आहेत, तेव्हा लीजचं नूतनीकरण झालं आहे का, हस्तांतरणाची नोंद आहे का, हे घेणाऱ्याचा वकील विचारणारच. इथल्या बहुतेक इमारती सोसायटीऐवजी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली येतात. त्यात फ्लॅटबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो आणि तो किती टक्के, हे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये असतं. ते डीड, अपार्टमेंट डीड, आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, मनपाची कर पावती, वीजबिल, मेंटेनन्स थकलेला नसल्याचं पत्र, असं सगळं एका जागी आणलं. काकांच्या पश्चात मावशीचं आणि मुलीचं नाव लागलेलं होतं, मुलीची संमती लेखी घेतली. एक अडचण निघाली. मागची गॅलरी मूळ नकाशात उघडी आहे आणि ती कधीच बंद करून घेतलेली. बँकेचा मूल्यांकन करणारा नकाशा घेऊन येतो, त्याला ते दिसतंच. आम्ही नकाशावर त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवली.

फाईलमध्ये शेवटी मावशीने स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला. कोणतं एमसीबी कोणत्या खोलीचं, गिझरचा कॉक कुठे, गच्चीवरची आपली टाकी डावीकडून कितवी, नळाचं पाणी केव्हा येतं आणि कोणत्या महिन्यांत दाब कमी असतो, पश्चिमेची खोली मे महिन्यात दुपारी किती तापते, न्हाणीघरामागची भिंत कधी आणि कशी दुरुस्त केली. ब्रोकरने तो कागद वाचला आणि निदान तापण्याची ओळ तरी काढा म्हणाला. मावशीने काढली नाही.

घर दाखवायला सुरुवात केली ती मुद्दाम पावसाची मोठी झड होऊन गेल्यावर, श्रावणात. भिंतीची परीक्षा आधी आमच्यासमोर व्हायला हवी होती. एक जोडपं आलं, त्यांना दोन गाड्यांचं पार्किंग हवं होतं. एक गृहस्थ फक्त भाव विचारून गेले. एकांनी होकायंत्र आणलं होतं, दाराची दिशा बघून ते जिन्यातूनच परतले. पितृपक्षात कुणी फिरकलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. त्यानंतर यवतमाळचं एक कुटुंब आलं. मुलगा आणि सून नोकरी करणारी, नातवाची शाळा, आणि आजोबांना धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने जवळ हवे म्हणून धरमपेठच शोधणारी. आजोबा जिना चढून आले ते धापा टाकतच. मावशीने आधी त्यांना गॅलरीत खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत घराबद्दल एक शब्द बोलली नाही. सून स्वयंपाकघरात कड्या लावून बघत होती, मुलगा छताचे कोपरे. न्हाणीघरामागच्या खोलीत मी मोबाइल काढून भिंतीचे फोटो दाखवले, फुग्यांपासून शेवटच्या रंगापर्यंत. त्याने भिंतीला तळहात लावून बघितला.

दुसऱ्यांदा ते वकिलाला घेऊन आले. वकिलांनी लीजचे कागद आणि गॅलरीची खूण बराच वेळ बघितली, बँकेला हे आधीच सांगून टाका असा सल्ला आपल्या पक्षकाराला दिला. बाईच्या नावावर घर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेव्हा सुनेच्या नावावर घ्यायचं त्यांच्यात ठरलं. बयाण्याची तारीख दसऱ्याची निघाली. भाव आम्ही सांगितला त्याहून खाली आला. तो आजोबांच्या गुडघ्यांनी आणि नसलेल्या लिफ्टने खाली आणला, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. भिंतीचा विषय त्या बैठकीत निघाला, पण भावासाठी कुणी काढला नाही. यवतमाळच्या त्यांच्या जुन्या घरातही तशीच एक भिंत आहे, आणि मुलाला रंगारी भाऊंचा नंबर हवा होता.